'विझार्ड ऑफ ऑझ'ची चेटकीण सेटवर खरोखर भाजली होती, तरी तिने स्टुडिओला कोर्टात का खेचलं नाही?

लास व्हेगासमधल्या 'स्फिअर' या अवाढव्य गोल थिएटरमध्ये ऑगस्ट २०२५ पासून ८६ वर्षांपूर्वीचा एक सिनेमा नव्याने दाखवला जातोय, 'द विझार्ड ऑफ ऑझ'. एआयच्या मदतीने दृश्यं कित्येक पट मोठी केली आहेत. पडद्यावर वादळ आलं की प्रेक्षकांच्या अंगावर खरोखरचा वारा सुटतो, धूर येतो, वरून फोमची सफरचंदं पडतात. लोक किंचाळतात, मोबाइल काढून रील बनवतात आणि हसत बाहेर येतात.

त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, याच सिनेमातल्या लाल चमचमत्या बुटांचा एक जोड लिलावात विकला गेला. किंमत सगळा खर्च धरून ३ कोटी २५ लाख डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण २७५ कोटी रुपये. हे बूट पायात घालून पिवळ्या विटांच्या रस्त्यावर नाचणाऱ्या जुडी गारलँडला तेव्हा आठवड्याला ५०० डॉलर मिळत होते. ती १६ वर्षांची होती.

सिनेमा पुन्हा चर्चेत आला तशा त्याच्या 'शापित सेट'च्या गोष्टीही इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर फिरायला लागल्या. त्यातली सगळ्यात व्हायरल गोष्ट अशी की, जंगलातल्या एका दृश्यात मागे झाडाला लटकलेला माणूस दिसतो आणि तो सिनेमातल्या एका बुटक्या कलाकाराचा मृतदेह आहे. ही गोष्ट साफ खोटी आहे. सेट जिवंत वाटावा म्हणून लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयातून काही मोठे पक्षी आणून सोडले होते. मागे दिसते ती त्यातल्याच एका पक्ष्याच्या पंखांची हालचाल. जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या धूसर चित्रात ती भलतीच दिसायची. प्रिंट स्वच्छ केल्यावर पक्षी स्पष्ट दिसतो.

पण या सेटवर जे खरोखर घडलं, त्यासाठी शापबिप लागत नाही. त्याचं स्पष्टीकरण कलाकारांच्या करारपत्रात सापडतं.

नेमकं काय घडलं होतं?

एमजीएम स्टुडिओत ऑक्टोबर १९३८ मध्ये शूटिंग सुरू झालं. पत्र्याच्या माणसाची, म्हणजे टिन मॅनची भूमिका बडी एबसन या नर्तक अभिनेत्याकडे होती. चेहरा धातूसारखा चकाकावा म्हणून त्याच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमची भुकटी फासली जायची. रोज, तासन्‌तास. श्वासाबरोबर ती भुकटी फुफ्फुसात गेली. शूटिंग सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा एका रात्री एबसनचे हातपाय आखडले, श्वास लागेना आणि त्याला रुग्णालयात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

तो तिथे पडून असतानाच स्टुडिओने जॅक हेली या दुसऱ्या अभिनेत्याला घेतलं. बदल का केला, हे जाहीर केलं नाही. भुकटीच्या जागी लेप मात्र आला. म्हणजे चूक कुठे झाली हे स्टुडिओला नीट कळलं होतं. (त्या लेपाने हेलीच्या डोळ्याला संसर्ग झाला, पण तो बराच किरकोळ ठरला.) एबसन पुढे वयाच्या ९५व्या वर्षापर्यंत जगला. सिनेमात तो कुठे दिसत नाही, पण एका समूहगीतात त्याचा आवाज राहून गेलाय.

दोन महिन्यांनी, २३ डिसेंबर १९३८ रोजी, मार्गारेट हॅमिल्टनचा अपघात झाला. ती दुष्ट चेटकिणीची भूमिका करत होती. दृश्य असं होतं की चेटकीण धुराच्या लोटात आणि आगीच्या भडक्यात गायब होते. प्रत्यक्षात तिने जमिनीतल्या एका छुप्या फळीवर उभं राहायचं, फळी लिफ्टसारखी खाली जायची आणि ती खाली गेल्यावर वर आग पेटवायची. पहिला टेक व्यवस्थित झाला. आज सिनेमात दिसतो तो तोच. तरीही खात्रीसाठी आणखी टेक घ्यायचे ठरले. पुढच्या खेपेला आग आधी पेटली आणि हॅमिल्टन अजून वरच होती.

तिची टोपी आणि हातातला झाडू पेटला. चेहरा आणि हात भाजले, हाताची जखम जास्त खोल होती. त्यात तिच्या हिरव्या रंगात तांब्याचं संयुग होतं. जखमेत तो रंग राहू देणं धोक्याचं होतं, म्हणून तो ताबडतोब पुसून काढावा लागला, भाजलेल्या कातडीवरून, स्पिरिटने. त्यानंतर ती सहा आठवडे घरी होती. परतली तेव्हा हाताची त्वचा इतकी नाजूक होती की त्यावर रंग लावता येत नव्हता. म्हणून हिरवे हातमोजे आले.

हॅमिल्टनने कोर्टात जायचं नाही असं ठरवलं. कारण तिने पुढे स्वतःच सांगितलं होतं. खटला भरला तर या धंद्यात पुन्हा काम मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ती आधी बालवाडीत शिक्षिका होती, त्याच वर्षी तिचा घटस्फोट झाला होता आणि पदरात लहान मुलगा होता. तिने फक्त एक अट घातली, यापुढे आगीचं काम करणार नाही.

अट मान्य झाली. पण दृश्य काही रद्द झालं नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये चेटकीण झाडूवर बसून आकाशात धुराने अक्षरं काढते, त्या दृश्याची तयारी सुरू झाली. झाडूखाली धूर सोडणारी नळी बसवली होती. हॅमिल्टनने बसायला नकार दिला. मग तिची बदली कलाकार बेटी डँको हिला बसवलं. नळीचा स्फोट झाला, डँकोच्या पायाला मोठी जखम झाली आणि तिला रुग्णालयात राहावं लागलं. उरलेलं काम तिसऱ्या एका स्टंट करणाऱ्या बाईकडून करून घेतलं.

जुन्या हॉलिवूडबद्दल बोलताना हा प्रसंग सहसा दोन ओळींत उरकला जातो. खरं तर त्यात त्या काळाची सगळी व्यवस्था दिसते. धोका टाळला गेला नाही, तो फक्त एक पायरी खाली सरकला. ज्या बाईला 'नाही' म्हणणं परवडलं ती सुटली. तिच्या खालच्या बाईला ते परवडणारं नव्हतं.

सेट एवढा तापायचा कशामुळे?

या सिनेमाचे रंग पाहून आजही लोक थक्क होतात. ते रंग टेक्निकलर नावाच्या तंत्राचे होते. त्या कॅमेऱ्यात आलेला प्रकाश काचेच्या लोलकातून फोडून तीन वेगवेगळ्या फिल्मपट्ट्यांवर घेतला जायचा. प्रकाश असा विभागला गेल्यावर प्रत्येक पट्टीच्या वाट्याला तो थोडाच यायचा. त्यामुळे सेटवर प्रचंड दिवे लावावे लागत. बंद स्टुडिओतला पारा ३८ अंशांच्या वर जायचा. विदर्भातल्या वाचकांना हा आकडा फार वाटणार नाही. पण बर्ट लार या अभिनेत्याने त्यात सिंहाचं खरं कातडं पांघरलं होतं. वजन सुमारे ४० किलो. तोंडावरचा मुखवटा बिघडू नये म्हणून दुपारचं जेवण म्हणजे नळीने प्यायचं सूप किंवा मिल्कशेक. टेक संपला की तो घामाने निथळत कातडं उतरवायचा आणि ते वाळवून पुन्हा अंगावर चढवलं जायचं.

मंचकिन म्हणजे ऑझच्या गोष्टीतले बुटके गावकरी. त्या भूमिकांसाठी सव्वाशेच्या आसपास बुटके स्त्री-पुरुष आणले होते. त्यांचा पगार थेट त्यांना नाही, तर त्यांना आणणाऱ्या ठेकेदाराला मिळायचा आणि तो आपला वाटा कापून घ्यायचा. हातात आठवड्याला ५० डॉलर पडत, असा हिशेब नेहमी सांगितला जातो. टोटो या कुत्र्यासाठी त्याच्या मालकाला १२५ डॉलर मिळत होते.

जुडी गारलँडची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड आहे. तिच्यासोबत सेटवर कुठला स्फोट झाला नाही. १९३५ मध्ये, वयाच्या १३व्या वर्षी तिचा एमजीएमशी करार झाला. तिच्या वजनावर स्टुडिओची नजर होती, काय खायचं ते ठरवलेलं असायचं. जागं राहून काम करता यावं म्हणून उत्तेजक गोळ्या आणि मग झोप यावी म्हणून झोपेच्या गोळ्या, हे चक्र स्टुडिओतच सुरू झालं, असं तिने पुढे अनेकदा सांगितलं. तिचा बालपणापासूनचा सहकलाकार मिकी रूनी याने मात्र स्टुडिओने तिला गोळ्या दिल्याचा आरोप शेवटपर्यंत नाकारला. हेही लक्षात घ्यायला हवं की अशा उत्तेजक गोळ्या तेव्हा अमेरिकेत सहज मिळत आणि वजन कमी करायला डॉक्टरही देत. पण रोजच्या कामाचा वेग गोळ्यांशिवाय झेपणारा नव्हता, हे जुडीचं म्हणणं त्यामुळे खोडलं जात नाही. जून १९६९ मध्ये लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांचं प्रमाण चुकून जास्त झाल्याने ती गेली. वय ४७.

लोक नोकरी सोडून का जात नव्हते?

कारण तशी सोयच नव्हती. १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये मोजक्या बड्या स्टुडिओंचं राज्य होतं. कलाकार, दिग्दर्शक, लेखक सगळे पगारी. त्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांकडे थिएटरही स्वतःचीच होती. सिनेमा बनवायचा त्यांनी, दाखवायचा त्यांनी. अशा ठिकाणी एका स्टुडिओशी बिनसलं तर दुसरा दार उघडेलच याची खात्री नसायची.

कलाकाराचा करार साधारण सात वर्षांचा. त्यात मेख अशी की ठरावीक महिन्यांनी करार चालू ठेवायचा की कलाकाराला काढून टाकायचं, हे स्टुडिओ ठरवायचा. कलाकाराला तो हक्क नव्हता. दिलेली भूमिका नाकारली की बिनपगारी निलंबन. आणि निलंबनाचा काळ कराराच्या शेवटी जोडला जायचा. म्हणजे सहा महिने घरी बसवलं तर सात वर्षांची साडेसात वर्षं व्हायची. वेठबिगारीत कर्ज फिटत नाही, तसा हा करार संपत नसे.

बेटी डेव्हिसने १९३६ मध्ये यातून सुटण्यासाठी थेट इंग्लंड गाठलं, तिथल्या कोर्टात वॉर्नर ब्रदर्सशी लढली आणि हरली. तिच्याच स्टुडिओतल्या ऑलिव्हिया डी हॅविलँडने १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला. तिचं म्हणणं साधं होतं. राज्याचा कामगार कायदा सांगतो की कुणालाही सात वर्षांहून जास्त काळ करारात बांधून ठेवता येणार नाही, मग सात वर्षं म्हणजे कॅलेंडरवरची सात वर्षं. खटला चालू असताना वॉर्नरने इतर स्टुडिओंना पत्रं पाठवून तिला काम देऊ नका असं कळवलं. जवळपास दोन वर्षं तिला सिनेमा मिळाला नाही. डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि १९४५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तो निकाल आजही तिच्या नावाने ओळखला जातो.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर पुण्यात डोकावून बघा. 'विझार्ड ऑफ ऑझ' अमेरिकेत प्रदर्शित झाला त्याच वर्षी, म्हणजे १९३९ मध्ये, 'कुंकू'ची नायिका शांता आपटे प्रभात स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसली होती. वाद कराराचाच होता. स्टुडिओची पगारी नटी, हीच पद्धत आपल्याकडेही होती. दुसऱ्या वर्षी तिने 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं मराठी पुस्तक लिहिलं आणि या धंद्यात कलाकाराची पिळवणूक कशी होते ते सांगितलं. डी हॅविलँड कोर्टात गेली त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. हॉलिवूडच्या इतिहासात डी हॅविलँडचं नाव कायद्याला मिळालं. शांता आपटेचं उपोषण आपल्याकडे बहुतेक वेळा एक गमतीदार किस्सा म्हणून सांगितलं जातं, हे जरा खटकणारं आहे.

एक्स्ट्रांची नोंद नाही, घोड्यांवर पहारा

ज्यांच्याकडे करारही नव्हता त्यांचे हाल आणखी वाईट होते. रोजंदारीवर येणारे एक्स्ट्रा, म्हणजे आपल्याकडचे ज्युनिअर आर्टिस्ट, यांच्याकडे गर्दी म्हणूनच बघितलं जायचं.

वॉर्नर ब्रदर्सच्या 'नोआज आर्क' (१९२८) या सिनेमात महापुराचं दृश्य होतं. दिग्दर्शक मायकेल कर्टिझला पाण्याचा खराखुरा लोंढा हवा होता. गर्दीत उभ्या लोकांच्या अंगावर टनावारी पाणी सोडायचं ठरलं. कॅमेरामन हाल मोर याने विचारलं, या माणसांचं काय होणार? उत्तर पटलं नाही तेव्हा तो सिनेमा सोडून निघून गेला. पाणी सोडलं गेलं. बरेच लोक जखमी झाले, नायिका डोलोरेस कॉस्टेलोला न्यूमोनिया झाला. तीन एक्स्ट्रा बुडाले आणि एकाचा पाय कापावा लागला असं अनेक पुस्तकांत लिहिलेलं आहे. पण अभ्यासकांचं त्यावर आजही एकमत नाही, कारण त्या मृत्यूंची धड नोंदच सापडत नाही. नायिकेचा न्यूमोनिया मात्र सगळीकडे नोंदलेला आहे.

याच कर्टिझने १९३६ मध्ये 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' केला. घोडदळाचा हल्ला दाखवायचा होता. भरधाव घोडे एकदम कोसळलेले दिसावेत म्हणून त्यांच्या पायांना तारा बांधल्या. घोडा पूर्ण वेगात आला की तार ताणली जायची आणि तो तोंडावर आपटायचा. बरेच घोडे जागीच मेले किंवा पाय मोडल्याने गोळी घालून मारावे लागले. नायक एरॉल फ्लिन इतका भडकला की त्याचं आणि कर्टिझचं कायमचं बिनसलं. तीन वर्षांनी 'जेसी जेम्स'साठी एका घोड्याला कड्यावरून खाली पाण्यात पाडलं आणि तो मेला. आता मात्र लोक खवळले. १९४० पासून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन ह्यूमेन असोसिएशनला सेटवर लक्ष ठेवण्याचा अधिकार मिळाला.

घोड्यांना पहारेकरी मिळाला हे चांगलंच झालं. पण बेटी डँकोच्या पायाला जखम होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि एखादी नळी, फळी किंवा दोरी माणसासाठी सुरक्षित आहे का, हे तपासायला सेटवर बाहेरचा कुणीही नव्हता. अमेरिकेत सर्व कामगारांच्या सुरक्षेचा केंद्रीय कायदा आला तो १९७० मध्ये.

युनियन आली आणि मग?

फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा चेहरा म्हणून आजही बोरिस कार्लोफचाच चेहरा डोळ्यांसमोर येतो. १९३१च्या त्या सिनेमात रोज काही तास मेकअप, पायात जडशीळ बूट आणि त्यावर दिवसभर शूटिंग. एका दिवशी तो सलग २५ तास काम करत होता, असं सांगितलं जातं. नायकाची भूमिका करणाऱ्या नटाला खांद्यावर घेऊन टेकडी चढायचे टेक त्याने पुन्हा पुन्हा दिले आणि पाठीचं दुखणं जन्मभर मागे लागलं.

१९३३ मध्ये मंदीचं कारण देऊन स्टुडिओंनी पगार थेट अर्ध्यावर आणले. त्याच वर्षी स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड ही कलाकारांची युनियन उभी राहिली आणि सुरुवातीच्या सदस्यांत कार्लोफ होता. अमर्याद तास, विश्रांतीचा पत्ता नाही, जेवणाची वेळ ठरलेली नाही, हीच गाऱ्हाणी होती. स्टुडिओंनी युनियनला मान्यता देऊन करार केला तो १९३७ मध्ये, तोही संपाच्या उंबरठ्यावर.

म्हणजे 'विझार्ड ऑफ ऑझ'चं शूटिंग सुरू झालं तेव्हा युनियन होती. तरीही एबसन आणि हॅमिल्टनच्या बाबतीत जे व्हायचं ते झालंच. पगार आणि तास यांवर बोलणी झाली होती. सेटवर आग कधी पेटवायची, हा प्रश्न कुठल्याच टेबलावर नव्हता.

तो टेबलावर यायला फार मोठी किंमत पडली. जुलै १९८२ मध्ये 'ट्वायलाइट झोन' सिनेमाच्या सेटवर मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास स्फोटांमुळे हेलिकॉप्टर खाली कोसळलं. अभिनेता व्हिक मॉरो आणि दोन लहान मुलं जागीच ठार झाली. मुलं सहा आणि सात वर्षांची होती, स्थलांतरित कुटुंबांतली. एवढ्या रात्री, स्फोटांजवळ मुलांना काम करू देण्याची परवानगी मिळाली नसती. म्हणून ती मागितलीच नाही आणि पैसे गुपचूप रोख दिले. दिग्दर्शक जॉन लँडिस आणि इतर चौघांवर खटला चालला. १९८७ मध्ये सगळे निर्दोष सुटले. हेलिकॉप्टर, स्फोट, बंदुका यांसाठी हॉलिवूडमधल्या लेखी सुरक्षा सूचनांना खरी गती या अपघातानंतर आली.

मग 'रस्ट' का घडलं?

२१ ऑक्टोबर २०२१. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहराजवळच्या एका रँचवर 'रस्ट' या वेस्टर्न सिनेमाची तालीम चालू होती. अभिनेता अलेक बाल्डविनच्या हातातल्या बंदुकीतून गोळी सुटली. छायाचित्रकार हालिना हचिन्स यांचा मृत्यू झाला, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. 'खोट्या' बंदुकीत खरी गोळी होती. (हॅरल्ड लॉइड या मूकपटांच्या विनोदी नटाने १९१९ मध्ये फोटो काढून घेताना हातात धरलेला 'खोटा' बॉम्ब असाच खरा निघाला होता. त्याचा अंगठा आणि तर्जनी गेली. घड्याळाच्या काट्याला लटकलेला त्याचा प्रसिद्ध फोटो पाहिलात, तर उजव्या हातात नकली बोटांचा मोजा आहे.)

'रस्ट'ची बातमी जगभर बाल्डविनभोवती फिरली. शस्त्रं सांभाळणाऱ्या हॅना गुटिएरेझ-रीड हिला २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. बाल्डविनवरचा खटला त्याच वर्षी जुलैत, पुरावे दडवल्याच्या कारणावरून रद्द झाला. पण त्या सकाळी काय झालं होतं, ते जास्त सांगण्यासारखं आहे.

कॅमेरा विभागातले कामगार कित्येक दिवस तक्रार करत होते. दिवस लांबत होते, बंदुका चुकून सुटण्याचे प्रकार आधीच घडले होते आणि सेटजवळ राहायची सोय न झाल्याने काहींना काम संपल्यावर अल्बुकर्कपर्यंत सुमारे ८० किलोमीटर गाडी चालवत जावं लागत होतं. त्या सकाळी त्यांच्यातल्या बहुतेकांनी सामान आवरलं आणि ते निघून गेले. निर्मात्यांनी युनियनबाहेरची बदली माणसं बोलावली आणि शूटिंग चालू ठेवलं. त्याच दुपारी हचिन्स गेल्या. १९३९ मध्ये हॅमिल्टनने नकार दिल्यावर झाडूवर दुसरं कुणीतरी बसलं होतं. ८२ वर्षांनी पद्धत तीच होती.

या घटनेच्या जेमतेम पाच दिवस आधी, पडद्यामागच्या सुमारे ६० हजार कामगारांच्या युनियनने स्टुडिओंशी तात्पुरता समझोता करून देशव्यापी संप टाळला होता. त्यातली एक मुख्य मागणी दोन दिवसांच्या कामात किमान दहा तासांची विश्रांती मिळावी, ही होती. कारण लांब शिफ्टनंतर घरी जाताना गाडीतच डोळा लागून माणसं मेल्याचा अनुभव या धंद्याला आहे. १९९७ मध्ये १९ तासांच्या दिवसानंतर घरी निघालेल्या एका सहायक कॅमेरामनचा असाच मृत्यू झाला होता आणि तेव्हापासून तासांची मर्यादा मागितली जात होती.

मुंबईत आठ तासांचा वाद

२०२५ मध्ये हाच विषय आपल्याकडे वेगळ्या दारातून आला. दीपिका पदुकोणने आठ तासांच्या शिफ्टची मागणी केल्याच्या आणि त्यावरून 'स्पिरिट' सिनेमातून बाहेर पडल्याच्या बातम्या आल्या. सप्टेंबरमध्ये 'कल्की २८९८ एडी'च्या निर्मात्यांनी पुढच्या भागात ती नसेल असं जाहीर केलं. मग सोशल मीडियावर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. कोट्यवधी घेता आणि आठच तास काम करता, असं एक टोक. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विचारलं की अनेक पुरुष स्टार वर्षानुवर्षं आठच तास काम करतात, तेव्हा कुणी का बोललं नाही. मुद्दा बरोबरच आहे.

पण या सगळ्या चर्चेत स्पॉटबॉय, लाइटमन, मेकअपदादा, ड्रेसदादा यांचे तास फारसे कुणी मोजले नाहीत. त्यांच्यासाठी बारा तासांची शिफ्ट ही रूढ गोष्ट आहे आणि ती लांबली की पुढे किती लांबेल हे सेटवर ठरतं. स्टारने आठ तासांची अट मिळवली तरी दिवे तिच्या आधी लागतात आणि तिच्या नंतर उतरतात. गोरेगावच्या फिल्मसिटीत रात्री दोनला पॅकअप झालं, तर विरार-नालासोपाऱ्याकडे जाणारी शेवटची लोकल केव्हाच निघून गेलेली असते. दुसऱ्या दिवशीचा कॉल टाइम सकाळचा असेल, तर बरेच जण घरी जातच नाहीत. सेटवरच कुठेतरी ताडपत्री अंथरतात.